वेग उधार मिळतो, जागा नाही

‘गेमिंगचा कॉम्प्युटर घेतला तर त्यावर थ्रीडीचं काम होईल का?’ इंटिरियर डिझाइन शिकणारी मुलं, बिल्डरांना इमारतींचे व्ह्यू काढून देणारे ड्राफ्ट्समन, ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायला घेतलेली हौशी मंडळी, सगळे दुकानाची पायरी चढण्याआधी हाच प्रश्न विचारतात. त्याच्या पोटात दुसरा प्रश्न असतोच: साठ-सत्तर हजारांत भागेल, की लाखाच्या वर जावंच लागेल?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ आहे. दोन्हींचे सुटे भाग तेच असतात. बदलतो तो पैसे घालण्याचा क्रम. खेळात प्रत्येक चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात तयार व्हावं लागतं. उशीर झाला की खेळ अडखळतो आणि मजा जाते. रेंडरिंगमध्ये, म्हणजे थ्रीडी मांडणीतून (सीनमधून) शेवटचं चित्र तयार करताना, एका चित्राला दोन मिनिटं लागोत की चार, हाती येणारं चित्र तेच असतं. यंत्र रात्रभर चालू ठेवायची तयारी असेल तर हळू कॉम्प्युटरही काम पुरं करतो. पण तुमचा सीन मेमरीत मावलाच नाही, तर रात्रभर थांबूनही काही हाती लागत नाही. मग सीनचीच काटछाट करावी लागते. वेग कमी पडला तर तो वेळ देऊन भरून काढता येतो. जागा कमी पडली तर तशी सोय नाही. या प्रकरणातला सगळा हिशेब या फरकावर उभा आहे.

१. एका चित्रासाठी किती काम?

थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही भिंती, सोफा, खिडकी, दिवे मांडता तेव्हा कॉम्प्युटरकडे फक्त आकारांची आणि रंगांची माहिती असते. खिडकीतला उजेड फरशीवर पडून छत किती उजळवेल, काचेच्या टेबलाखाली सावली किती गडद दिसेल, हे सगळं मोजून शेवटचं चित्र तयार करणं म्हणजे रेंडरिंग.

हे काम सॉफ्टवेअरचा जो भाग करतो त्याला इंजिन म्हणतात. खऱ्यासारखं चित्र देणारी बहुतेक इंजिनं प्रकाशाच्या किरणांचा माग काढतात. कॅमेऱ्यातून उलट दिशेने एक किरण सोडायचा, तो कशावर आदळतो ते पाहायचं, तिथून तो कुठे वळतो ते पाहायचं, असं करत दिव्यापर्यंत पोचायचं. या पद्धतीच्या मुळाशी असलेलं समीकरण जेम्स कजिया यांनी १९८६ मध्ये मांडलं. घरच्या यंत्रावर ते सोडवणं तेव्हा अशक्य का होतं, ते साध्या गुणाकारातून कळतं.

फुल एचडी चित्रात आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्यासाठी २५६ किरण सोडले तर ५३ कोटींहून जास्त किरण होतात. शिवाय प्रत्येक किरण वाटेत अनेकदा आदळतो, आणि दर वेळी नवा हिशेब करावा लागतो.

किरण कमी सोडले तर चित्र दाणेदार दिसतं. इथे गणित थोडं निष्ठुर आहे: दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात. २५६ किरणांच्या चित्रातले दाणे अर्ध्यावर आणायला १,०२४ किरण सोडावे लागतील, आणि वेळही साधारण चौपट लागेल. म्हणूनच आजच्या सॉफ्टवेअरमध्ये डीनॉइझर असतो. तो कमी किरणांच्या दाणेदार चित्रावरून अंदाज बांधून स्वच्छ चित्र तयार करतो. ब्लेंडरमध्ये इंटेलचा असा डीनॉइझर २०१९ पासून फुकट मिळतो.

आता हलत्या चित्राचा, म्हणजे वॉकथ्रूचा हिशेब करू. सेकंदाला २५ चित्रं धरली तर ३० सेकंदांच्या वॉकथ्रूला ७५० चित्रं लागतात. प्रत्येकाला २ मिनिटं म्हणजे १,५०० मिनिटं, अर्थात २५ तास. रात्री १० ते सकाळी ७ असे रोज ९ तास यंत्र चालवलं, तर तिसऱ्या रात्री काम संपतं. दुप्पट वेगाचं यंत्र हेच काम दोन रात्रींत करेल. तेवढ्या एका रात्रीसाठी किती जास्त पैसे मोजायचे, हे ज्याचं त्याने ठरवावं.

चित्र काढायची दुसरीही एक पद्धत आहे. खेळांप्रमाणे काही युक्त्या वापरून प्रकाश जवळजवळ खरा दाखवायचा, पण क्षणात. ब्लेंडरमध्ये २०१९ साली आलेलं ‘ईव्ही’ हे इंजिन या जातीचं आहे. लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोदिस यांचा ‘फ्लो’ हा मांजराची गोष्ट सांगणारा सिनेमा ब्लेंडरमध्ये याच इंजिनाने तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्तम ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. अशा सिनेमांसाठी सहसा शेकडो यंत्रं जोडून रेंडरिंग करतात. इथे शेवटचं रेंडरिंग दिग्दर्शकाच्या स्वतःच्या पीसीवर झालं. इंजिनाची निवड कधीकधी यंत्राच्या किमतीपेक्षा मोठी बचत करते.

२. आधी सॉफ्टवेअर, मग यंत्र

दुकानदार विचारतो, ‘बजेट किती?’ त्याआधी स्वतःला विचारायचं, ‘माझं इंजिन कोणाला राबवतं? प्रोसेसरला की ग्राफिक्स कार्डाला?’

ब्लेंडरचं ‘सायकल्स’ दोन्हींवर चालतं, पण चांगलं कार्ड असेल तर कार्डावर कितीतरी वेगाने. ईव्ही, लुमियन, एन्स्केप, ट्विनमोशन, डी५ ही सगळी कार्डाच्या जिवावर चालतात. व्ही-रेमध्ये दोन्ही पर्याय आहेत. इंटिरियरवाल्यांचं आवडतं कोरोना मात्र प्रोसेसरवर चालतं. कोरोनावर काम करणाऱ्याने महागडं कार्ड घेतलं तर रेंडर होत असताना ते कार्ड जवळपास रिकामं बसून राहील.

रेंडरिंग सोडून बाकीचं कामही पाहायला हवं. ऑटोकॅड बहुतेक वेळा प्रोसेसरचा एकच कोर वापरतं, म्हणून तिथे कोरांच्या संख्येपेक्षा एका कोराचा वेग महत्त्वाचा. फोटोशॉपला प्रोसेसर आणि भरपूर रॅम लागते. व्हिडिओ एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह कार्डावर बराच भार टाकतं.

इंजिन एकदा नक्की झालं की निम्मं कोटेशन आपोआप ठरतं. पुढचा हिशेब कार्डावर चालणारं इंजिन धरून केला आहे. कोरोनावाल्यांसाठी फरक आठव्या भागात आहे.

३. सहा कलाकार आणि साडेतीन हजार हात

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही गणितच करतात. मग कार्ड इतकं पुढे का जातं?

गुढीपाडव्याच्या शोभायात्रेआधी मैदानभर रांगोळी घालायची आहे असं समजा. सहा निष्णात कलाकार आहेत. ते आराखडा आखतील, नक्षीतल्या चुका सुधारतील, ऐनवेळी रचनाही बदलतील. पण पूर्ण मैदान भरायला त्यांना आठवडा लागेल. दुसरीकडे साडेतीन हजार स्वयंसेवक आहेत. त्यांना नक्षी आखता येत नाही, पण ‘या चौकोनात हा रंग भर’ म्हटलं की सगळे एकाच वेळी खाली बसून भरतात. आराखडा असेल तर तासाभरात मैदान तयार.

प्रोसेसर म्हणजे ते कलाकार. एएमडीच्या रायझन ५ ५६०० मध्ये सहा कोर आहेत. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० या साध्याशा कार्डात ३,५८४ छोटे गणनघटक आहेत. रेंडरिंगमध्ये एका ठिपक्याचा हिशेब शेजारच्या ठिपक्यावर अवलंबून नसतो, म्हणून ते काम हजारो हातांत सहज वाटता येतं. मॉडेल बनवणं, कापडाची किंवा पाण्याची हालचाल मोजणं, फाइल उघडणं ही आराखड्याची कामं. तिथे पुढची पायरी आधीच्या पायरीवर अवलंबून असते आणि प्रोसेसरच कामी येतो.

आता स्वयंसेवकांच्या हाताशी रंग हवेत. रंगाची पोती मैदानात मावली तर काम झपाट्याने होतं. मावली नाहीत तर प्रत्येक मुठीसाठी कोणालातरी गोदामापर्यंत पळावं लागतं. मैदानातली ही जागा म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, व्हीरॅम. गोदाम म्हणजे कॉम्प्युटरची रॅम. सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर इंजिन रॅमकडे धावतं आणि वेग पार कोसळतो, किंवा मेमरी संपल्याचा संदेश देऊन ते थांबतं.

४. व्हीरॅमचा हिशेब

सीनमध्ये सर्वांत जास्त जागा सहसा टेक्श्चर खातात. टेक्श्चर म्हणजे लाकूड, फरशी, कापड खरं वाटावं म्हणून पृष्ठभागावर चिकटवलेली चित्रं.

४के टेक्श्चर म्हणजे ४,०९६ × ४,०९६ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर एका टेक्श्चरला ६४ एमबी लागतात. डिस्कवर तीच जेपीईजी फाइल पाच-सात एमबीची दिसेल, पण कार्डाच्या मेमरीत ती उलगडून बसते. एका लाकडासाठी अशी चार चित्रं लागतात: रंग, खडबडीतपणा, उंचसखलपणा आणि चकाकी. म्हणजे २५६ एमबी. हॉलमध्ये अशी २० वेगवेगळी साहित्यं असली तर ५,१२० एमबी, म्हणजे ५ जीबी नुसत्या टेक्श्चरमध्ये गेले. त्यावर झाडं, गवत, पडदे यांचे आकार, इंजिनाची स्वतःची जागा आणि विंडोजचा पडदा. ८ जीबीचं कार्ड इथे काठोकाठ भरतं.

आता तीच टेक्श्चर २के केली तर? प्रत्येकी १६ एमबी, आणि बेरीज १,२८० एमबी. दूरच्या कपाटावरच्या फुलदाणीला ४के टेक्श्चर लावून दिसण्यात काहीच फरक पडत नाही. ही काटकसर फुकट आहे आणि प्रत्येकाने करावी. पण ग्राहकाने जवळून व्ह्यू मागितला किंवा बंगल्याभोवती बाग हवी म्हणाला, की काटकसरही संपते.

म्हणून कमी बजेटमध्ये कार्ड निवडताना आधी मेमरी पाहायची, मग वेग. आरटीएक्स ३०६० हे २०२१ चं कार्ड असूनही या कामात टिकून राहिलं ते त्याच्या १२ जीबीमुळे. २०२३ चं आरटीएक्स ४०६० वेगाने पुढे आहे, वीजही कमी खातं, पण त्यात ८ जीबीच आहेत. सीन मावला तर ४०६० आधी काम संपवेल. सीन ९ जीबीचा झाला तर ३०६० संथपणे पुढे जात राहील आणि ४०६० अडेल. थोडे जास्त पैसे असतील तर ४०६० टीआय किंवा ५०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती पाहावी.

इथे नावावर विसंबू नका. ३०६० ची नंतर एक ८ जीबीची आवृत्तीही निघाली. ४०६० टीआय आणि ५०६० टीआय दोन्ही ८ आणि १६ जीबी अशा दोन आवृत्त्यांत मिळतात. कोटेशनवर नुसतं ‘३०६०’ लिहून घेऊ नका, ‘१२ जीबी’ असंही लिहून घ्या. लॅपटॉपमध्ये तर हा घोळ आणखी मोठा आहे. लॅपटॉपवरच्या आरटीएक्स ३०६० मध्ये ६ जीबीच मेमरी असते, डेस्कटॉपच्या बरोबर निम्मी. नाव सारखं असलं तरी घडण वेगळी आहे.

दोन जुनी ८ जीबी कार्डं लावली तर १६ जीबी होतील का, असंही बरेच जण विचारतात. नाही. घरगुती वापराच्या अशा कार्डांत प्रत्येक कार्डाला पूर्ण सीन आपापल्या मेमरीत ठेवावा लागतो. दुसऱ्या कार्डाने वेग वाढतो, जागा तेवढीच राहते.

कंपनी कोणती घ्यावी? सायकल्स एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालतं. पण विंडोजवर ऑक्टेनसारखी काही इंजिनं एनव्हिडियाचंच कार्ड मागतात, आणि किरणांचा हिशेब करणारे एनव्हिडियाचे खास भाग सायकल्स चांगले वापरून घेतं. तीन-चार सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरणाऱ्याला एनव्हिडिया सोयीचं पडतं. फक्त ब्लेंडरवर काम करणाऱ्याने तेवढ्याच पैशांत जास्त मेमरीचं दुसरं कार्ड मिळत असेल तर वेगाचे आकडे पाहून विचार करावा. ब्लेंडर फाउंडेशनची मोफत बेंचमार्क चाचणी जगभरचे लोक आपापल्या यंत्रांवर चालवतात आणि तिचे निकाल सर्वांना खुले असतात.

५. रॅम आणि डिस्क

सीन आधी रॅममध्ये जुळतो, मग कार्डावर जातो. त्यामुळे रॅम व्हीरॅमच्या निदान दुप्पट असावी, असा ढोबळ नियम धरायला हरकत नाही. १२ जीबीच्या कार्डाबरोबर ३२ जीबी छान. १६ वर सुरुवात करता येते, पण मग रेंडर चालू असताना फोटोशॉप आणि ब्राउझरचे वीस टॅब उघडे ठेवता येणार नाहीत. रॅम संपली की विंडोज डिस्कला रॅमसारखी वापरू लागतं आणि कॉम्प्युटर हँग झाल्यासारखा वाटतो.

रॅमच्या पट्ट्या जोडीने घ्या. १६ ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ च्या दोन बऱ्या, कारण दोन वाटांनी माहिती येते-जाते. मात्र मदरबोर्डवर रॅमचे चार स्लॉट हवेत. दोनच स्लॉटचा स्वस्त बोर्ड घेतला तर पुढे रॅम वाढवताना आधीच्या पट्ट्या काढून ठेवाव्या लागतील.

डिस्कचा रेंडरिंगच्या वेगाशी फारसा संबंध नाही, पण तुमच्या चिडचिडीशी आहे. एनव्हीएमई एसएसडीवर जड फाइल पटकन उघडते. साधी एनव्हीएमई सेकंदाला दोन-तीन हजार एमबी वाचते. साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास थांबते, जुनी हार्ड डिस्क दीड-दोनशेवर. ५०० जीबी किंवा १ टीबीची साधी एनव्हीएमई पुरते. सर्वांत वेगवान डिस्कचे जास्तीचे पैसे इथे वाया जातात. जुनी हार्ड डिस्क टाकून देऊ नका, संपलेल्या कामांचा बॅकअप तिच्यावर ठेवा.

६. प्रोसेसर आणि मदरबोर्ड

कार्डावर रेंडर करणाऱ्याला सहा कोरांचा प्रोसेसर पुरतो. रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५ १२४००एफ, दोन्हींत सहा कोर आणि बारा थ्रेड आहेत. इंटेलच्या नावातलं ‘एफ’ म्हणजे त्यात अंगचं ग्राफिक्स नाही. ५६०० मध्येही ते नाही. वेगळं कार्ड घेणारच असाल तर त्याची गरजही नाही.

मदरबोर्ड निवडताना खरा प्रश्न पुढच्या तीन-चार वर्षांचा असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये डीडीआर४ रॅम बसते. ही जुनी पिढी आहे, पण स्वस्त, आणि वाढवायला जागा आहे: सहा कोरांचा ५६०० काढून त्याच बोर्डावर पुढे आठ कोरांचा ५७००एक्स किंवा बारा कोरांचा ५९००एक्स बसवता येतो. २०२२ साली आलेल्या एएम५ मध्ये फक्त डीडीआर५ बसते. सुरुवातीचा खर्च जास्त, पण पुढच्या पिढ्यांचे प्रोसेसर त्यावर येतात. डीडीआर४ च्या पट्ट्या डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, म्हणून ही निवड विचार करूनच करा.

७. वीज, उष्णता आणि जाणारे लाइट

एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, दिसत नाही आणि म्हणून सर्वांत आधी त्याच्यावरच काट मारली जाते. हिशेब पाहा. ३०६० कार्ड १७० वॉट. ५६०० प्रोसेसर ६५ वॉटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण भारावर त्याहून जास्त खातो, म्हणून ८८ धरा. बाकी पंखे, डिस्क, बोर्ड मिळून ६० धरा. बेरीज सुमारे ३२० वॉट. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस इथे योग्य. तो साठ टक्के भारावर निवांत चालतो आणि पुढे मोठं कार्ड घालायला जागा राहते. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर रात्रभर रेंडर लावू नये. घरात आर्थिंग नीट आहे ना, हेही वायरमनकडून एकदा तपासून घ्या.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नसतो. आपल्या २५ तासांच्या वॉकथ्रूला सरासरी ३०० वॉट धरले तर ७.५ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर ७५ रुपये.

लाइट जाण्याचा प्रश्न मोठा. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. कॉम्प्युटरचे ३२० आणि मॉनिटरचे पंचवीस-तीस मिळवले तर तो काठावर येतो. हजार-अकराशे व्हीएचा घ्यावा. तोही काही मिनिटंच टिकतो, पण फाइल सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला तेवढी पुरतात.

रात्री झोपेत लाइट गेले तर? त्यावरचा उपाय सॉफ्टवेअरमध्ये आहे. वॉकथ्रू थेट व्हिडिओ फाइल म्हणून रेंडर करू नका. मध्येच वीज गेली तर ती फाइल बहुधा उघडतही नाही. प्रत्येक चित्र वेगळ्या पीएनजी फाइलमध्ये काढा. चारशेव्या चित्रावर लाइट गेले तर फक्त ते एक चित्र जातं. ब्लेंडरमध्ये जुन्या फाइलवर पुन्हा लिहायचा पर्याय बंद ठेवला की पुढच्या रात्री काम आपोआप राहिलेल्या चित्रापासून सुरू होतं. सगळी चित्रं झाली की ती जोडून व्हिडिओ बनवायला फार वेळ लागत नाही.

आत गेलेली जवळपास सगळी वीज उष्णता होऊन खोलीत येते. विदर्भातल्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असते, त्यात कार्ड तापलं की ते स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतं. पुढून जाळी असलेलं कॅबिनेट, दोन पंखे आत हवा ओढणारे आणि एक बाहेर टाकणारा, इतकं पुरतं. कॅबिनेट टेबलाखालच्या बंद कप्प्यात कोंबू नका आणि तीन-चार महिन्यांनी धूळ काढा. काचेचं, रंगीत दिव्यांचं, बंद तोंडाचं कॅबिनेट दुकानात छान दिसतं, पण रात्रभरच्या रेंडरला उपयोगाचं नाही.

८. शंभर रुपये कसे वाटायचे

भाव सतत बदलतात. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून घेतल्या आणि जगभर रॅमचे भाव एकदम चढले. म्हणून इथे रुपयांऐवजी वाटणी देतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएस सोडून शंभर रुपये असतील तर साधारण असे वाटावेत:

ग्राफिक्स कार्ड: ४०
प्रोसेसर: १५
मदरबोर्ड: १२
रॅम: १२
एसएमपीएस: ८
एसएसडी: ७
कॅबिनेट आणि पंखे: ६

सत्तर हजारांच्या बजेटमध्ये कार्डाला २८ हजार येतात, प्रोसेसरला साडेदहा. रॅम महाग असेल त्या दिवसांत १६ जीबीवर सुरुवात करून दोन स्लॉट मोकळे ठेवा, पण कार्डाची मेमरी कमी करून पैसे वाचवू नका. रॅम नंतर वाढवता येते, कार्डावरची मेमरी कधीच वाढवता येत नाही.

कोरोनासारखं प्रोसेसरवर चालणारं इंजिन असेल तर वाटणी उलटी करा. कार्ड अगदी साधं, फक्त पडदा दाखवण्यापुरतं आणि मॉडेल फिरवण्यापुरतं. वाचलेले पैसे जास्त कोरांच्या प्रोसेसरमध्ये, चांगल्या कूलरमध्ये आणि रॅममध्ये घाला. इथे सगळा सीन रॅममध्येच असतो, त्यामुळे ३२ जीबी ही सुरुवात धरा. ५६०० सोबत कूलर येतो, ५७००एक्ससोबत येत नाही, हे कोटेशन तपासताना लक्षात ठेवा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचं नेहरू प्लेस या सुट्या भागांच्या जुन्या बाजारपेठा. तिथून घ्या, गावातल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन, तीन ठिकाणची कोटेशनं घेऊन प्रत्येक भागाचं पूर्ण मॉडेल नाव लिहून घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं बिल घेण्याचा मोह होतो, पण वॉरंटीच्या वेळी पक्कं बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर लागतो. असेंबल्ड कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगवेगळी असते.

सेकंडहँड कार्ड घ्यावं का? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग बंद पडलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. त्यातली बरीच अजून हातोहात फिरतात. घ्यायचंच असेल तर समोर अर्धा तास रेंडर चालवून बघा, उरलेली वॉरंटी विचारा, आणि जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये कार्डाची खरी मेमरी तपासा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बनावट कार्डं त्यात बहुधा उघडी पडतात. एसएमपीएस आणि डिस्क मात्र नवीनच घ्या.

मॉनिटरसाठी वेगळे पैसे राखून ठेवा. छपाईचं किंवा इंटिरियरचं काम करणाऱ्याने आयपीएस पॅनेल आणि एसआरजीबी रंगांपैकी ९९ टक्क्यांच्या आसपास रंग दाखवणारा मॉनिटर बघावा. पडद्यावरची केशरी भिंत प्रिंटवर विटकरी दिसली तर आतल्या कार्डाचा काही उपयोग नाही.

९. जुळणी आणि पहिली रात्र

बरीच दुकानं भाग तिथून घेतले तर जुळणीही करून देतात. घरी करायची असेल तर एक निवांत दुपार पुरते. आधी प्रोसेसर, कूलर आणि रॅम बोर्डावर बसवा, मग बोर्ड कॅबिनेटमध्ये, कार्ड सर्वांत शेवटी. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करून अंगातली स्थिर वीज घालवा. प्रोसेसरवरच्या त्रिकोणी खुणेची दिशा जुळवा आणि तो दाबू नका, तो आपणहून बसतो. चार स्लॉट असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्यात जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलेलं असतं.

नव्यांना छळणाऱ्या अडचणी ठरलेल्या आहेत. वेगळ्या घेतलेल्या कूलरखालची प्लास्टिकची फिल्म तशीच राहते आणि प्रोसेसर तापतो. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला लागते आणि पडदा काळा राहतो. ३२०० वेगाची रॅम बायोसमध्ये एक्सएमपी हा रॅमच्या वेगाचा पर्याय चालू न केल्यामुळे २४०० वर चालत राहते आणि वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही.

यंत्र सुरू झालं की लगेच ग्राहकाचं काम लावू नका. आधी ब्लेंडरची बेंचमार्क चाचणी चालवा आणि आलेला आकडा तशाच कार्डांच्या खुल्या निकालांशी ताडून पाहा. फार कमी आला तर काहीतरी चुकलं आहे. मग तासभर जड रेंडर लावून तापमान बघा. चढत चढत एका जागी थांबलं तर ठीक. चढतच राहिलं आणि वेग पडू लागला तर पंख्यांची दिशा तपासा.

१०. पुढचा खर्च केव्हा करायचा?

यंत्र महिनाभर वापरल्यावर ते कुठे अडतं ते मोजा. सायकल्स रेंडर करताना किती मेमरी लागली ते पडद्यावर दाखवतं. विंडोजचा टास्क मॅनेजर रॅम आणि कार्डाची मेमरी दाखवतो. वारंवार मेमरी संपत असेल तर आधी टेक्श्चर लहान करा, एकाच झाडाच्या शंभर प्रती करण्याऐवजी एकाच झाडाचे शंभर संदर्भ वापरा, म्हणजे झाड मेमरीत एकदाच बसतं. तरीही मावत नसेल तर मोठ्या मेमरीचं कार्ड घ्यायची वेळ आली आहे.

रेंडर नुसतं हळू होत असेल तर घाई करू नका. किरण निम्मे करून डीनॉइझर लावा आणि ग्राहकाला फरक दिसतो का ते पाहा. एखाद्या मोठ्या कामासाठी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या रेंडर फार्मवर फाइल पाठवता येते. तो खर्च त्या कामाच्या बिलात धरता येतो.

नवं, वेगवान कार्ड घ्यायची खरी वेळ एकच. हाती असलेली कामं रात्रींत मावेनाशी झाली आणि दर आठवड्याला एखादं काम नाकारावं लागू लागलं, की त्या नाकारलेल्या कामांचे पैसे मोजा. कार्डाची किंमत त्यातून काही महिन्यांत सुटत असेल तर कार्ड घ्या.